ऑफिसातला शहाणा माणूस: सारखे सारखे विचारले जाणारे प्रश्न

भोसरीत ६ वर्षं मशीन शॉप आणि त्यानंतर हिंजवडीत सॉफ्टवेअर, अशी माझी नोकरी अर्धी तेलात आणि अर्धी एसीत गेलीय. त्यामुळे चहाला खाली गेलं की टीममधली नवी पोरं 'सर तुम्ही दोन्हीकडचं बघितलंय ना' म्हणून तेच तेच विचारतात, कामात शहाणं कसं व्हायचं, तोंड कधी उघडायचं, कोणाचं ऐकायचं वगैरे. दर वेळी सांगता सांगता माझा चहा गार होतो म्हणून एकदाच सगळं टाइप करून ठेवतोय. मी काही गुरू नाही, निम्म्याहून जास्त उत्तरं स्वतः आपटून मिळालेली आहेत.

हुशार आणि शहाणा यात खरंच फरक असतो का, की उगाच शब्दांचा खेळ?

आपल्या भाषेनेच फरक करून ठेवलाय की. 'हुशार आहे पोरगी' हे कौतुक, पण 'फार शहाणी आहेस' म्हटलं की समजायचं आता काहीतरी ऐकून घ्यावं लागणार. दीडशहाणा काय, अतिशहाणा त्याचा बैल रिकामा काय, सगळं हुशारीचा माज चढलेल्यांसाठी. रामदासांनी तर पढतमूर्ख अशी वेगळी जातच सांगितलीय, शिकलेला आहे, वाचलेलं आहे आणि तरी मूर्ख तो मूर्खच. हिंजवडीत एका लिफ्टमध्ये असे किमान ३ सापडतात, कधीकधी त्यातला एक मी असतो.

आता ऑफिसातलं उदाहरण. एका क्लायंटने रोजचा रिपोर्ट मागितला, चांगला ४० कॉलमचा. आमच्यातला एक खरंच हुशार पोरगा, त्याने दोन दिवस मान मोडून झकास बनवून दिला, आपोआप रिफ्रेश होणारा, रंगीबेरंगी. सहा महिन्यांनी क्लायंटने तसाच अजून एक मागितला, तेव्हा ते काम आमच्या एका मॅडमकडे गेलं. त्यांनी आधी फोन लावला आणि विचारलं की पहिल्या रिपोर्टचं तुम्ही सकाळी नेमकं करता काय. तर कळलं की ते फक्त ३० दिवसांच्या वर थकलेली बिलं बघतात, बाकीचे ३९ कॉलम कोणी बघतच नाही. मग रोज सकाळी थकलेल्या बिलांचा एक छोटा मेल जायला लागला, विषय संपला. गंमत पुढेच आहे, वर्षाच्या शेवटी पोराकडे दाखवायला एक प्रॉडक्ट होतं आणि मॅडमच्या टाइमशीटवर त्या दिवशी होतं 'क्लायंट कॉल, अर्धा तास'.

हे डोक्यात ठेवा, पुढे सारखं येणार आहे. कामातल्या शहाणपणाची अडचण ही की त्यातलं बरंचसं न झालेल्या गोष्टींत असतं, न लिहिलेला कोड, न पेटलेलं भांडण, रात्री ११ ला टाइप करून न पाठवलेला मेल. आणि न झालेल्या गोष्टीचा स्क्रीनशॉट काढता येत नाही.

'साडेतीन शहाणे' म्हणतात ते कोण, आणि त्यांचा ऑफिसशी काय संबंध?

पुण्यात बसून शहाणपणावर लिहायचं आणि त्यांना टाळायचं म्हणजे अन्यायच. पेशवाईतली गोष्ट आहे. सखारामबापू बोकील पेशव्यांकडचे, देवाजीपंत चोरघडे नागपूरकर भोसल्यांकडचे, विठ्ठल सुंदर निजामाकडचे, हे तीन पूर्ण शहाणे, आणि नाना फडणवीस अर्धे. अर्धे का, तर राजकारण हिशोब सगळं येतं पण रणांगणात कच्चे, असं कारण सांगतात. आता पूर्ण शहाण्यांचं काय झालं बघा. विठ्ठल सुंदर १७६३ साली राक्षसभुवनच्या लढाईत मारले गेले, सखारामबापू शेवटी कैदेत गेले. नाना मात्र, मधे काही महिने कैद भोगून का होईना, १८०० साली जाईपर्यंत कारभारात होते.

इतिहासवाले मला मारतील, पण मला यात ऑफिस दिसतं. नानांना आपला अर्धा भाग कुठे कमी आहे ते ठाऊक असणार, म्हणून लढायचं काम हरिपंत फडके, महादजी शिंदे अशांवर असायचं. आमच्याकडे उलटं चालतं, ज्याला क्लायंटशी बोलता येत नाही तोच प्रेझेंटेशन द्यायला पुढे आणि ज्याला कोड कळत नाही तोच एस्टिमेट देतो.

अनुभव वाढला की शहाणपण आपोआप येतं ना?

या प्रश्नाचं उत्तर लांबणार आहे कारण यात माझी चांगलीच फजिती आहे.

भोसरीत मी ट्रेनी इंजिनियर, हातात स्टॉपवॉच, डोक्यात हवा. सीएनसी लेथवर, म्हणजे कॉम्प्युटरने चालणाऱ्या मशीनवर, एक बोअर (नेमक्या मापाचं भोक) व्हायचा, टॉलरन्स, म्हणजे मापात चालणारा फरक, २० मायक्रॉन, आणि मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग. माणसाचा केस साधारण ७० मायक्रॉनचा असतो, म्हणजे अंदाज येईल. पहिल्या पाळीला त्या मशीनवर एक मामा होते, पन्नाशीचे. ते आल्या आल्या मशीन चालू करायचे आणि जॉब, म्हणजे कापायचा तुकडा, न लावताच २० मिनिटं स्पिंडल नुसता फिरवत ठेवायचे, तोवर ह्यांचा चहा. मला ती सरळ सरळ चोरी वाटली. रोज २० मिनिटं, महिन्याचे २६ दिवस, म्हणजे साडेआठ तासांच्या वर, अख्खी एक पाळी फुकट! मी प्रेझेंटेशन केलं, साहेबांनी पाठ थोपटली, वॉर्म-अप बंद. मामा काही बोलले नाहीत, 'बरं साहेब' एवढंच म्हणाले, आणि मला साहेब म्हणण्याची त्यांची ती पहिलीच वेळ.

पुढच्या आठवड्यात थंडी पडली. रोज सकाळचे पहिले आठ-दहा जॉब रिजेक्ट. ऑफसेट देऊन, म्हणजे मशीनमधला मापाचा आकडा थोडा सरकवून, साइज आणावी तर अर्ध्या तासात परत पळायची, मग परत ऑफसेट, परत रिजेक्शन. कारण काय तर पोलाद गरम झालं की वाढतं, १०० मिलिमीटर लांबीला दर डिग्रीला साधारण सव्वा मायक्रॉन, म्हणजे १० डिग्रीला १२ मायक्रॉन गेले, २० मधून १२ गेल्यावर राहिलं काय. हे मला शिकवलेलं होतं हो! पेपरात लिहून मार्कही मिळवलेले. मामांना ते गणित येत नव्हतं, पण रात्रभर गार पडलेलं मशीन आणि तासभर चाललेलं मशीन ही दोन वेगळी मशिनं असतात हे त्यांच्या हाताला कळत होतं.

आता तुम्ही म्हणाल बघा, अनुभवच मोठा. थांबा. शेजारच्या मशीनवर मामांच्याच बरोबरीचे दुसरे एक जण होते, नोकरीची वर्षं तेवढीच, तेही वॉर्म-अप करायचे. पण ते मे महिन्यात पण २० मिनिटं करायचे आणि दुसऱ्या पाळीला पण करायचे, जेव्हा आधीच्या पाळीचं मशीन आत्ता बंद होऊन अजून हाताला गरम लागायचं. का, तर 'आमच्यात पहिल्यापासून असंच आहे'. तीच सवय, तीच वर्षं, पण एकाला का ते माहीत होतं आणि दुसऱ्याने कधी विचारलंच नव्हतं.

मग जुनी पद्धत दिसली की हात लावायचाच नाही का?

लावायचा की. फक्त आधी ती सुरू करणारा माणूस शोधायचा, आणि 'हे कशाला करता' असं इन्स्पेक्टरसारखं विचारायचं नाही, 'मी हे उद्या बंद केलं तर पहिलं कोण बोंबलेल' असं विचारायचं. हा प्रश्न लोकांना आवडतो, हसून सगळं सांगतात. हिंजवडीत आल्यावर मला रात्री आपोआप चालणाऱ्या एका छोट्या प्रोग्राममध्ये १० मिनिटं नुसती थांबणारी ओळ सापडली. मामांची आठवण आली म्हणून हात बांधून बसलो आणि विचारत विचारत गेलो, तर कळलं की बँकेकडून येणारी फाइल कधीकधी उशिरा येते म्हणून कोणीतरी ८ वर्षांपूर्वी ती ओळ टाकलेली. आम्ही ती काढलीच, पण आधी फाइल आलीय का ते तपासणारा कोड लिहून मग.

मीटिंगमध्ये गप्प बसणारे लोक शहाणे वाटतात, मी पण गप्प बसू का?

दोन प्रकारचे गप्प असतात. एक ऐकत असतो, दुसरा मोबाइलवर जेवण मागवत असतो. पहिला ओळखायची खूण म्हणजे तो शेवटी एकच प्रश्न विचारतो आणि सगळ्यांची पंचाईत होते. गप्प बसून शहाणपणाचा आव आणणं फार दिवस टिकत नाही, कोणीतरी 'तुझं काय मत' विचारतंच.

बॉस चुकतोय हे दिसतंय. सांगू की नको? सांगितलं तर कसं?

सांगा. पण चारचौघात नको, आणि 'मला नाही वाटत बरोबर' असं मोघम तर अजिबात नको. आकडा, तारीख आणि काय बिघडेल ते. 'सर हे रिस्की आहे' याला काही किंमत नाही, 'सर शुक्रवारी रात्री नवं व्हर्जन टाकलं आणि पडलं तर रोलबॅकला, म्हणजे जुनं परत आणायला, ४ तास लागतील आणि शनिवारी डेटाबेसवाला सुट्टीवर आहे' याला आहे.

यावर मला नेहमी चॅलेंजरची गोष्ट आठवते. २८ जानेवारी १९८६, अमेरिकेचं अवकाशयान उडाल्यावर ७३ सेकंदांत फुटलं, ७ जण गेले. बूस्टर रॉकेटच्या सांध्यातली रबराची रिंग थंडीत कडक झाली आणि सांधा नीट बंद राहिला नाही. आता वाईट काय, तर ते बूस्टर बनवणाऱ्या थायोकोल कंपनीतल्या रॉजर बॉइजोली या इंजिनियरने आदल्या वर्षी जुलैमध्येच लेखी कळवलं होतं की ही रिंग दगा दिली तर माणसं जातील. उड्डाणाच्या आदल्या रात्री फोनवर मीटिंग झाली, इंजिनियर म्हणत होते इतक्या थंडीत उडवू नका. मग कंपनीच्या वरच्या साहेबांनी इंजिनियरिंगच्या प्रमुखाला सांगितलं की आता इंजिनियरची टोपी काढ आणि मॅनेजरची घाल. झालं, होकार गेला.

म्हणजे बॉइजोलीने सगळं शहाण्यासारखं केलं, वेळेवर, लेखी, नेमकं, आणि तरी ऐकलं नाही कोणी. मी तुम्हाला खोटं कशाला सांगू, नीट सांगितलं की ऐकतातच असं नसतं. पण त्या रात्रीच्या मीटिंगमधली एक गोष्ट मात्र ओळखायला शिका. एरवी 'हे सुरक्षित आहे ते सिद्ध करा' असं विचारलं जातं, त्या रात्री प्रश्न उलटा झाला, 'धोकादायक आहे ते सिद्ध करा'. आमच्याकडे रिलीजच्या आदल्या रात्री हेच होतं, 'पडणारच असं तू खात्रीने सांगू शकतोस का?' हा प्रश्न आला की समजा टोपी बदलली.

आयटीत बॉसला नावाने हाक मारतात आणि भोसरीत सर म्हणतात, पण भीती दोन्हीकडे सारखीच हो. एसीत उलट घाम दिसत नाही एवढंच.

माझ्याकडून चूक झाली आणि अजून कोणाला कळलेली नाही. आता?

जेवायच्या आधी सांगा. मस्करी नाही, चूक शिळी झाली की तिच्यात लपवल्याची चूक मिसळते आणि मग लोक मूळ चूक विसरून तेवढंच लक्षात ठेवतात.

हार्वर्डच्या एमी एडमंडसन यांनी १९९०च्या दशकात हॉस्पिटलांमधल्या नर्सेसच्या टीम बघितल्या, औषध देण्यातल्या चुका मोजायला. त्यांना वाटलं होतं चांगल्या टीममध्ये चुका कमी निघतील. निघाल्या उलट, चांगल्या टीममध्ये नोंदलेल्या चुका जास्त. नंतर लक्षात आलं की तिथली माणसं जास्त चुकत नव्हती, जास्त सांगत होती, बाकीच्या टीममध्ये पांघरूण घातलं जात होतं. चाकणला कोणत्याही गाडीच्या लाइनवर काम केलेल्याला हे समजावून सांगायला लागत नाही, तिथे अँडनचा दिवा असतो. टोयोटाची पद्धत ती, काही गडबड दिसली की लाइनवरच्या साध्या कामगारानेसुद्धा दोरी ओढायची, वेळेत निस्तरलं नाही तर लाइन थांबते. पण दोरी असून भागत नाही, ओढल्यावर सुपरवायझर 'काय झालं दाखव' म्हणत येतो की 'कोणी ओढली रे' म्हणत येतो त्यावर सगळं आहे. तुम्ही लीड असाल तर तुमचं पहिलं वाक्य कोणतं असतं ते एकदा आठवून बघा, मी आठवलं आणि मला लाज वाटली होती.

'मला माहीत नाही' म्हटलं तर इज्जत जाते का?

नुसतं म्हणून खांदे उडवलेत तर जाते. 'मला माहीत नाही, ४ वाजेपर्यंत बघून सांगतो' म्हणालात आणि ४ ला सांगितलंत तर वाढते. पावणेपाचला नाही, चार म्हणजे चार.

प्रोजेक्ट लेट झालाय, मॅनेजर म्हणतोय अजून ५ माणसं घेऊ. शहाणपणाचं आहे का?

फ्रेड ब्रुक्स यांनी आयबीएममध्ये मोठी ऑपरेटिंग सिस्टिम बनवताना हे भोगलं आणि १९७५ साली लिहून ठेवलं, की लेट झालेल्या सॉफ्टवेअर प्रोजेक्टमध्ये माणसं टाकली की तो अजून लेट होतो. गणित पण सोपं आहे. ५ जण असतील तर एकमेकांशी बोलायच्या जोड्या १०, १० जण झाले की जोड्या ४५. माणसं दुप्पट, बोलणं साडेचार पट, आणि नव्यांना शिकवणार कोण तर जे आधीच मरतायत तेच. तरी दर वर्षी कुठे ना कुठे हे होतंच, कारण 'माणसं वाढवली' हे वरच्याला सांगता येतं आणि 'दोन फीचर कमी केले' हे सांगायला छाती लागते. परत तेच, न केलेली गोष्ट.

दुसऱ्याला मी भारी सल्ला देतो पण स्वतःच्या भांडणात डोकं चालत नाही, असं का?

तुमचं एकट्याचं नाही, सगळ्यांचंच. ग्रॉसमन आणि क्रॉस या दोन मानसशास्त्रज्ञांनी २०१४ मध्ये प्रयोग केला, काहींना सांगितलं की तुमच्या जोडीदाराने तुम्हाला फसवलंय असं समजा, काहींना सांगितलं तुमच्या मित्राच्या जोडीदाराने. मित्राबद्दल विचार करणारे जास्त शहाण्यासारखा विचार करत होते, दुसरी बाजू बघत होते, आपल्याला सगळं माहीत नाही हे धरून चालत होते. राजा सॉलोमन जगाला न्याय द्यायचा आणि स्वतःच्या घरात गोंधळ, म्हणून त्याचंच नाव दिलंय या प्रकाराला. पण उपयोगाची गोष्ट पुढे आहे, स्वतःच्याच प्रश्नाकडे त्रयस्थासारखं बघायला लावलं तर फरक गेला.

म्हणून मी काय करतो, राग आला की मेल न लिहिता स्वतःला नावाने हाक मारून विचारतो, 'अमुक राव, हे तुमच्या टीममधल्या पोराने तुम्हाला सांगितलं असतं तर तुम्ही काय म्हणाला असता?' बायकोने एकदा हे ऐकलं, तिला वाटलं मी कामाने पार गेलोय. पण चालतं.

पुणेरी टोमणा मारणं हे शहाणपणाचं लक्षण आहे का?

नाही. मजा येते, ते वेगळं. पाटीवर शोभतं ते मेलमध्ये सीसी लावून शोभत नाही, आणि ज्याला मारलाय तो नागपूरचा किंवा चेन्नईचा असेल तर त्याला टोमणा कळतच नाही, फक्त अपमान कळतो.

ऑफिसमधलं पॉलिटिक्स शहाण्याने खेळावं का?

कोण कोणाचं ऐकतं, कोणाला कशाची भीती वाटते, बजेट कोणाच्या हातात आहे, हे माहीत असावंच, त्याला पॉलिटिक्स म्हणत नाहीत, डोळे उघडे ठेवणं म्हणतात. इकडचं तिकडे करायला लागलात की संपलं. एक साधी परीक्षा, जे त्याच्या मागे बोललात ते त्याच्यासमोर, भाषा थोडी मऊ करून, बोलू शकाल का?

२४ वर्षांचा माणूस शहाणा असू शकतो का, की चार पावसाळे जास्त बघावेच लागतात?

असू शकतो. आमच्याकडे एक मुलगी आहे, कॉलेज संपवून आलेली, ती मीटिंग संपताना रोज एकच विचारते, 'म्हणजे आता कोण काय करणार आहे?' पहिल्या आठवड्यात सगळे हसले. आता ती रजेवर असली की मीटिंग संपल्यावर दोन जण एकच काम करत बसतात.

एआय आल्यावर या सगळ्याचं काय?

उत्तरं स्वस्त झालीत. ४० कॉलमचा रिपोर्ट आता दोन दिवस नाही, दोन मिनिटांत होतो, म्हणजे नको असलेले रिपोर्ट पण तेवढ्याच स्पीडने तयार होणार. क्लायंटला फोन कोण लावणार ते सांगा.

शहाणपण शिकता येतं का, काही सवय सांगा ना.

दोन सांगतो, दोन्ही फुकट आहेत.

पहिली गॅरी क्लाइन यांची, त्यांनी २००७ मध्ये लिहून लोकांपर्यंत नेली, प्रीमॉर्टेम म्हणतात. काम सुरू करायच्या आधी टीमला बसवायचं आणि म्हणायचं, समजा सहा महिने झाले आणि प्रोजेक्ट पार आपटलाय, आता प्रत्येकाने ५ मिनिटांत कागदावर लिहा कशामुळे आपटला. 'काही रिस्क आहे का' विचारलं की सगळे 'नाही नाही' म्हणतात, कारण सुरुवातीलाच अपशकुन कोण करणार. पण आपटलाच आहे म्हटल्यावर लोकांना चेव येतो, जो पोरगा कधी तोंड उघडत नाही तो अर्धं पान लिहितो. पुणेकरांना तरी हे पटायला हवं. पानशेतचं धरण वरून उभं दिसत होतं, पोटातल्या पाण्याच्या नळाच्या कामात सळईचं काँक्रीट नव्हतं, आणि पाणी साठवायच्या पहिल्याच वर्षी, १२ जुलै १९६१ ला, ते फुटलं, पाठोपाठ खडकवासला. आजही जुन्या पेठांतले आजोबा पाणी कुठवर आलं होतं ते भिंतीवर हात ठेवून दाखवतात. वरून उभं दिसतंय म्हणून पोटात काय आहे ते विचारायचं सोडू नका.

दुसरी माझी स्वतःची. मोठा निर्णय घेताना वहीत ३ ओळी लिहितो, काय ठरवलं, का ठरवलं, आणि मला काय होईल असं वाटतंय. तारीख टाकायची. सहा महिन्यांनी उघडायची. फार चिडचिड होते वाचताना, कारण आपल्याला आठवत असतं 'मी तर तेव्हाच म्हणालो होतो' आणि वहीत भलतंच असतं.

सगळे माझ्याकडेच सल्ला मागायला येतात, माझं काम राहतं. काय करू?

अभिनंदन आणि सांत्वन एकदमच. दुपारी ३ ते ४ अशी वेळ ठरवा, बाकी वेळ हेडफोन लावा, गाणं नसलं तरी चालेल. आणि उत्तर देण्याआधी 'तू काय करणार होतास?' विचारा, निम्मे जण तिथेच स्वतःचं उत्तर घेऊन परत जातात.

हे सगळं अप्रेझलमध्ये दिसतं का हो?

खरं सांगू, फारसं नाही. वाय-टू-के आठवतंय का कोणाला? जुन्या प्रोग्राममध्ये वर्षाचे दोनच आकडे साठवायचे, म्हणजे २००० आलं की मशीनला १९०० वाटणार. जगभर लोकांनी काही वर्षं बसून कोबोल या जुन्या प्रोग्रामिंग भाषेतल्या लाखो ओळी तपासल्या, आपल्याकडच्या आयटी कंपन्यांना त्यातून भरपूर काम मिळालं. १ जानेवारी २००० उजाडला, किरकोळ गडबडी सोडल्या तर काही झालं नाही, आणि लोक काय म्हणाले? 'उगाच बोंब मारली होती!' एवढ्या लोकांनी मिळून एवढी मोठी आपत्ती टाळली आणि बक्षीस म्हणून हे.

म्हणून थोडा स्वार्थी सल्ला देतो. जे होऊ दिलं नाहीत त्याची नोंद स्वतः ठेवा, 'अमुक तारखेला रिलीज एक दिवस पुढे ढकलला, कारण हे, ढकललं नसतं तर ते'. मॅनेजरला महिन्यातून एकदा सहज पाठवा. फुशारकी वाटते, मलाही वाटायची, पण तुमच्या मॅनेजरला अंतर्ज्ञान नाही. आणि तुम्ही स्वतः मॅनेजर असाल तर आग विझवणाऱ्याचं कौतुक करून झालं की शेजारी बघा, कोणाच्या मोड्यूलला वर्षभर आगच लागली नाही, आणि त्याला विचारा काय करतोस रे तू.

जुना माणूस रिटायर होतोय, त्याच्याकडचं सगळं लिहून घेता येईल का?

थोडं येईल. हँडओव्हरला आपण काय करतो, ९० दिवसांच्या नोटिसमधले ८५ दिवस तसेच जातात आणि शेवटच्या ५ दिवसांत माणसाला कोपऱ्यात बसवून 'सगळं डॉक्युमेंट करा' म्हणतो. तो पासवर्ड लिहितो, फोल्डरचे पत्ते लिहितो, आणि खरं ते राहून जातं, कारण ते आपल्याला येतं हे त्याला स्वतःलाच माहीत नसतं. मायकेल पोलानी नावाच्या विचारवंताने १९६६ साली याबद्दल लिहिलंय, की माणसाला सांगता येतं त्यापेक्षा जास्त येत असतं. सायकल चालवता येते पण कशी ते लिहून दाखवा बघू. म्हणून कागद देण्याऐवजी शेजारी माणूस द्या, दोन महिने, आणि त्याला सांगा की जिथे जिथे ते विचार न करता काहीतरी करतात तिथे थांबवून विचार.

मामा रिटायर झाले तेव्हा मी भोसरी सोडून हिंजवडीत आलो होतो, पण गेलो त्यांच्या निरोपाला. आधी जाऊन मशीन बघितलं. कंट्रोल पॅनलच्या दाराच्या आतल्या बाजूला मार्करने लिहिलेलं होतं, त्यांच्या वाकड्या अक्षरात, 'थंडी २० मि., पावसाळा १५, उन्हाळा १०, सेकंड शिफ्ट नाही', आणि खाली वेगळ्या शाईत एक ओळ, 'नवीन साहेबाला आधीच सांगणे'.